स्ट्रेसा व बोरोमीअन बेटे

स्ट्रेसा : इटलीच्या वायव्य भागातील, पीडमाँट विभागातील एक ऐतिहासिक सरोवरकाठचे विश्रामस्थान. हे माज्जोरे सरोवराच्या पश्चिम काठावर, मिलान शहराच्या वायव्येस सु. ९० किमी.वर, समुद्रसपाटीपासून सु. २०० मी. उंचीवर वसले आहे. प्रशासकीय दृष्ट्या ते १९९२ मध्ये निर्माण करण्यात आलेल्या व्हेर्बानो–कूझिओ–ऑस्सोला या प्रांतात मोडते. गावाची कायम लोकसंख्या पाच हजारांहून कमी असली, तरी समोरील बोरोमीअन बेटे, काठावरील भव्य हॉटेले व उद्याने, पाठीशी असलेला मोत्तारोने पर्वत आणि येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदा यांमुळे त्याचे नाव यूरोपभर परिचित झाले आहे.

सरोवर व हवामान : माज्जोरे हे गार्दाच्या खालोखाल इटलीतील दुसऱ्या क्रमांकाचे सरोवर. प्राचीन रोमन लोक त्यास व्हेर्बानुस म्हणत. व्हेर्बानो हे पर्यायी नाव त्यावरूनच आले. त्याचे क्षेत्रफळ सु. २१२ चौ. किमी., लांबी सु. ६५ किमी. व कमाल खोली सु. ३७० मी. असून सुमारे चार-पंचमांश भाग इटलीत व उरलेला स्वित्झर्लंडमध्ये आहे. हिमयुगात आल्प्समधून दक्षिणेकडे सरकणाऱ्या हिमनद्यांनी ही द्रोणी खोल कोरली. सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सु. १९३ मी. उंचीवर आहे, म्हणजेच त्याचा तळ सर्वांत खोल ठिकाणी समुद्रसपाटीच्याही सु. १८० मी. खाली जातो. उत्तरेकडून तिचीनो व माज्जा, तर पश्चिमेकडून तोचे या नद्या सरोवरास मिळतात. तिचीनो नदी दक्षिणेस सेस्तो कालेंदे येथे सरोवराबाहेर पडून पुढे पाव्हीआजवळ पो नदीस मिळते. तोचेच्या मुखाजवळ सरोवराचा एक फाटा पश्चिमेकडे शिरला असून त्यास बोर्रोमेओचे आखात म्हणतात. स्ट्रेसा, बाव्हेनो व पाल्लांत्सा ही गावे याच आखाताच्या काठी आहेत आणि बेटेही त्यातच आहेत.

एवढा मोठा जलसंचय उन्हाळ्यात उष्णता साठवितो व हिवाळ्यात ती हळूहळू सोडतो. शिवाय उत्तरेचे थंड वारे आल्प्सच्या भिंतीमुळे अडतात. यामुळे हिमाच्छादित शिखरे दृष्टिपथात असतानाही काठावर लिंबूवर्गीय झाडे, ताड, कापूर व मॅग्नोलिया वाढू शकतात. पाऊस विपुल पडतो. परिसरातील खडक मुख्यत्वे ग्रॅनाइट व तत्सम प्रकारचे असल्याने माती आम्लधर्मी आहे व ती कॅमेलिया, अझेलिया व ऱ्होडोडेंड्रॉन यांना विशेष मानवते. वसंत ऋतूत हा काठ पाहण्यास लोक येतात, ते प्रामुख्याने या फुलांसाठी. शरद ऋतूतील अतिवृष्टीने मात्र सरोवराची पातळी झपाट्याने चढते. १८६८ चा पूर सर्वांत मोठा मानला जातो. १९९३ व २००० मध्येही काठावरील गावांत पाणी शिरले होते. सेस्तो कालेंदेजवळील मिओरीना बंधाऱ्याने १९४३ पासून पातळीचे नियमन करण्यात येते, तथापि मोठे पूर त्याने टळत नाहीत.

इतिहास : दहाव्या शतकाच्या अखेरीच्या, ९९८ च्या एका दस्तऐवजात या गावाचा उल्लेख ‘स्ट्रिक्सिया’ असा आढळतो. अनेक शतके ही मासेमाऱ्यांची एक लहान वस्ती होती. मिलानच्या व्हिस्काँती सरदारांच्या सत्तेनंतर पंधराव्या शतकात काठाचा बराचसा भाग बोर्रोमेओ घराण्याकडे आला. मूळचे सावकारी व व्यापार करणारे हे घराणे मिलानच्या राज्यकर्त्यांच्या आर्थिक व्यवहारांतून पुढे आले. त्याच घराण्यातील मिलानचे आर्चबिशप संत कार्लो बोर्रोमेओ (१५३८–८४) यांचा जन्म स्ट्रेसाच्या दक्षिणेस असलेल्या आरोना येथे झाला. १५७६ च्या प्लेगमध्ये त्यांनी शहर न सोडता रुग्णांची सेवा केली व १६१० मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. आरोना येथील त्यांचा तांब्याच्या पत्र्यांचा पोकळ पुतळा १६९८ मध्ये पूर्ण झाला. चौथऱ्यासह त्याची उंची सु. ३५ मी. असून आतील जिन्याने मस्तकापर्यंत जाता येते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे शिल्पकार बार्तॉल्दी यांनी त्याच्या रचनेचा अभ्यास केला होता.

बोर्रोमेओ घराण्याच्या चिन्हांत एकमेकांत गुंतलेल्या तीन वलयांचे चिन्ह आहे. यांतील कोणतीही दोन वलये परस्परांत अडकलेली नसतात. परंतु तिन्ही मिळून मात्र सुटत नाहीत आणि एक काढताच उरलेली दोन आपोआप वेगळी होतात. या गुणधर्मामुळे ‘बोरोमीअन वलये’ ही संज्ञा गणितातील ग्रंथिसिद्धांतात रूढ झाली व पुढे लिथियम–११ सारख्या अणुकेंद्रांनाही ‘बोरोमीअन’ हे विशेषण लावण्यात येऊ लागले. बेटांवरील प्रासादात व उद्यानात हे चिन्ह पुन्हापुन्हा दृष्टीस पडते.

१७४३ च्या वर्म्स तहाने सरोवराचा पश्चिम काठ सव्हॉय घराण्याच्या राज्यात गेला. गावाचे स्वरूप पालटले ते मात्र दळणवळणामुळे. नेपोलियनने १८०१ ते १८०५ या काळात सिंप्लॉन खिंडीतून बांधून घेतलेला रस्ता स्ट्रेसावरून मिलानकडे गेला. तोवर या काठावरील वाहतूक मुख्यतः नौकांवर अवलंबून होती. १८२६ मध्ये सरोवरात पहिली आगबोट सुरू झाली. फ्रान्स व स्वित्झर्लंडमधून इटलीत उतरणाऱ्या प्रवाशांना आल्प्सच्या कडक थंडीनंतर लिंबाच्या बागा प्रथम दिसत, त्या या सरोवराकाठी. त्यामुळे येथे मुक्काम करण्याची प्रथा पडली. १८६३ मध्ये ग्रँड हॉटेल देझ ईल बोरोमे हे पहिले मोठे हॉटेल उघडले. त्यानंतर सरदार-धनिकांचे बंगले काठाने उभे राहिले. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८७९ मध्ये शेजारच्या बाव्हेनो येथे मुक्काम केला होता. १९०६ मध्ये सु. १९·८ किमी. लांबीचा सिंप्लॉन बोगदा खुला झाल्यावर पॅरिस–मिलान लोहमार्ग स्ट्रेसावरून जाऊ लागला आणि १९१९ पासून सिंप्लॉन ओरिएंट एक्सप्रेस ही प्रसिद्ध गाडीही याच मार्गाने धावू लागली.

तत्त्वज्ञ व धर्मगुरू आंतोन्यो रोझमीनी (१७९७–१८५५) यांनी आयुष्याची अखेरची वर्षे स्ट्रेसा येथे घालविली व येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या काही मतांना चर्चने प्रथम दोषी ठरविले होते. पुढे ते दोषारोप निकालात निघाले आणि २००७ मध्ये त्यांना ‘धन्य’ हे पद देण्यात आले. त्यांचे मित्र व कादंबरीकार आलेस्सांद्रो मांझोनी हे जवळच्या लेझा येथून त्यांच्या भेटीस येत. अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे हा पहिल्या महायुद्धात जखमी झाल्यानंतर सप्टेंबर १९१८ मध्ये येथे विश्रांतीसाठी राहिला होता. ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ (१९२९) या त्याच्या कादंबरीत नायक-नायिका स्ट्रेसाच्या हॉटेलातून रात्री नावेने वल्हवत स्वित्झर्लंडला पोहोचतात.

स्ट्रेसा परिषद : मार्च १९३५ मध्ये जर्मनीने व्हर्सायचा तह मोडून सक्तीची लष्करभरती जाहीर केली. त्यावर विचार करण्यासाठी ब्रिटन, फ्रान्स व इटली यांची परिषद ११ ते १४ एप्रिल १९३५ या काळात ईझोला बेल्लावरील प्रासादात भरली. ब्रिटनचे रॅम्झी मॅक्डॉनल्ड व जॉन सायमन, फ्रान्सचे प्येअर-एत्येन फ्लांदँ व प्येअर लाव्हाल आणि इटलीचा मुसोलिनी हे तीस उपस्थित होते. ऑस्ट्रियाचे स्वातंत्र्य व १९२५ चे लोकार्नो करार यांचा परिषदेने पुनरुच्चार केला. लोकार्नो हे गावही याच सरोवराच्या उत्तर टोकाशी, स्विस हद्दीत आहे. यूरोपची शांतता धोक्यात आणणाऱ्या एकतर्फी तहभंगास विरोध करण्याचे तिन्ही राष्ट्रांनी ठरविले. निवेदनात केवळ यूरोपचा उल्लेख होता. ॲबिसिनियाचा प्रश्न कोणीच उघडपणे मांडला नाही. हे मौन म्हणजे संमतीच, असा अर्थ मुसोलिनीने घेतला. जूनमध्ये ब्रिटनने मित्रराष्ट्रांना न विचारता जर्मनीशी नाविक करार केला. ऑक्टोबरमध्ये इटलीने ॲबिसिनियावर आक्रमण केले आणि ‘स्ट्रेसा आघाडी’ सहा महिन्यांत संपुष्टात आली. हिटलरविरुद्ध या तीन राष्ट्रांनी एकत्र उभे राहण्याचा हा अखेरचा प्रयत्न ठरला.

त्याचे परिणाम या काठालाही भोगावे लागले. इटलीने शस्त्रसंधी केल्यानंतर सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन एसएस तुकड्यांनी मेईना, बाव्हेनो, आरोना, स्ट्रेसा इ. गावांतील हॉटेलांत व घरांत आश्रय घेतलेल्या पन्नासहून अधिक ज्यूंची हत्या केली. मेईना येथील हॉटेलातून नेलेल्या सोळा जणांचे मृतदेह सरोवरात टाकण्यात आले. इटलीतील ज्यूंच्या सामूहिक हत्याकांडांपैकी हे पहिले होय.

युद्धोत्तर काळात स्ट्रेसाने पुन्हा परिषदांचे गाव म्हणून स्थान मिळविले. चीजच्या प्रकारांची मूळनावे व त्यांचा वापर यांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार येथे १९५१ मध्ये झाला. जुलै १९५८ मध्ये यूरोपीय आर्थिक समाजाच्या सहा सदस्य राष्ट्रांची शेतीविषयक परिषद येथेच भरली व तीत समाईक कृषिधोरणाचा पाया घालण्यात आला. १९६१ मध्ये स्थापन झालेला संगीत महोत्सव दरवर्षी होतो.

बेटे : बोरोमीअन बेटांत ईझोला बेल्ला, ईझोला माद्रे व ईझोला देई पेस्कातोरी ही तीन प्रमुख असून पाल्लांत्साजवळील सान जोव्हान्नी हे छोटे बेट व माल्गेरा नावाचा एक खडकाळ उंचवटा यांचाही त्यांत समावेश होतो. सान जोव्हान्नी बेटावर संगीतसंचालक आर्तूरो तोस्कानीनी हे १९२७ ते १९५२ या काळात भाड्याने राहत असत. ते पर्यटकांना खुले नाही.

ईझोला बेल्ला हे स्ट्रेसाच्या काठापासून सु. ४०० मी. अंतरावर असून त्याची लांबी सु. ३२० मी. व रुंदी सु. १८० मी. आहे. सतराव्या शतकापूर्वी हा मासेमाऱ्यांच्या झोपड्या असलेला एक ओसाड खडक होता. कार्लो (तिसरा) बोर्रोमेओ याने १६३२ च्या सुमारास येथे प्रासाद बांधण्यास प्रारंभ केला व पत्नी इझाबेल्ला हिचे नाव बेटास दिले; त्याचेच पुढे ‘बेल्ला’ म्हणजे ‘सुंदर’ असे संक्षिप्त रूप झाले. त्याचे पुत्र जिबेर्तो व व्हितालिआनो यांनी काम पुढे नेले आणि १६७१ मध्ये उद्यानाचे उद्‌घाटन झाले. उत्तरेस प्रासाद व दक्षिणेस उद्यान अशी संपूर्ण बेटाची रचना सरोवरात नांगरलेल्या एका प्रचंड जहाजासारखी आहे. दहा सोपानांचे उद्यान वर निमुळते होत जाऊन सु. ३७ मी. उंची गाठते. खडकावर माती नव्हती. ती काठावरून नावांनी आणावी लागली. उद्यानाच्या मध्यभागी शिल्पांनी भरलेली ‘तेआत्रो मास्सिमो’ ही वास्तू असून तिच्या शिरोभागी घराण्याचे चिन्ह असलेला एकशृंग घोडा आहे. हिरवळीवर पांढरे मोर फिरतात. प्रासादातील दालनांत चित्रसंग्रह व सोळाव्या शतकातील फ्लेमिश चित्रजवनिका आहेत. तळमजल्यावरील सहा दालने गोटे, संगमरवराचे तुकडे व शिंपले यांनी मढवून कृत्रिम गुहांसारखी केली आहेत. उन्हाळ्यात गारवा मिळावा हा त्यांचा उद्देश. १७९७ मध्ये नेपोलियनने येथे मुक्काम केला होता. मुख्य दिवाणखाना मात्र जुन्या आराखड्यांनुसार विसाव्या शतकाच्या मध्यास पूर्ण झाला. म्हणजेच या प्रासादाच्या बांधकामास तीन शतकांहून अधिक काळ लागला.

ईझोला माद्रे हे सर्वांत मोठे बेट. त्याची लांबी सु. ३३० मी. व रुंदी सु. २२० मी. आहे. १५०१ मध्ये लान्चिलोत्तो बोर्रोमेओ याने येथे लिंबूवर्गीय झाडे लावून निवासस्थान बांधण्यास सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात उद्यानास इंग्लिश पद्धतीचे रूप देण्यात आले. ईझोला बेल्लावर निसर्गास भूमितीच्या चौकटीत बसविले आहे, तर येथे झाडांना मोकळेपणाने वाढू दिले आहे. हा फरक एकाच दिवसात दोन्ही बेटे पाहणाऱ्यास चटकन जाणवतो. १९७८ मध्ये खुल्या झालेल्या येथील प्रासादात कळसूत्री बाहुल्या व त्यांच्या रंगमंचांचा उल्लेखनीय संग्रह आहे.

प्रासादासमोरील काश्मीर सायप्रस हा वृक्ष भारतीय वाचकास विशेष कुतूहलाचा वाटेल. १८६२ मध्ये हिमालयातून आलेल्या बियांपासून तो वाढला. नाव काश्मीरचे असले, तरी ही जाती काश्मीरमध्ये नैसर्गिक रीत्या आढळत नाही; भूतान व अरुणाचल प्रदेश हे तिचे मूळस्थान होय. जून २००६ मध्ये चक्री वादळाने हा वृक्ष मुळांसकट उन्मळून पडला. त्यास यंत्रांच्या साहाय्याने पुन्हा उभा करून पोलादी तारांनी चहूबाजूंनी आधार देण्यात आला व तो जगला. आजही तो या तारांच्या आधारानेच उभा आहे.

ईझोला देई पेस्कातोरी म्हणजे ‘मासेमाऱ्यांचे बेट’. तिन्ही प्रमुख बेटांपैकी हे एकच बोर्रोमेओ घराण्याच्या मालकीचे नाही आणि वर्षभर लोकवस्ती असलेले गावही येथेच आहे. तथापि कायम रहिवासी आता काही डझनांवर आले आहेत. एक अरुंद गल्ली, तिच्या दोहोंबाजूंस उंच, चिकटून बांधलेली घरे व संत व्हित्तोरे यांचे जुने चर्च एवढाच या गावाचा पसारा. घरांना लांब सज्जे आहेत, ते मासे वाळत घालण्यासाठी. १५ ऑगस्ट रोजी मेरीमातेच्या स्वर्गारोहणाच्या सणात तिची मूर्ती दिव्यांनी सजविलेल्या होड्यांतून बेटाभोवती मिरविण्यात येते. मासेमारीस मात्र उतरती कळा लागली आहे. १९९६ मध्ये तोचेच्या खोऱ्यातील एका रासायनिक कारखान्यातून आलेले डीडीटी सरोवरातील माशांत आढळले व काही जातींच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. सांडपाण्यामुळे १९७० च्या दशकात खालावलेली पाण्याची प्रत मलशुद्धीकरणाने बरीच सुधारली. पाल्लांत्सा येथील १९३८ मध्ये स्थापन झालेल्या जलजीवशास्त्र संस्थेने या बदलांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

परिसर : स्ट्रेसाच्या दक्षिणेस १८५५ च्या सुमारासच्या व्हिल्ला पाल्लाव्हिचीनोचे विस्तीर्ण उद्यान आहे. पाल्लांत्सा येथील व्हिल्ला तारांतो हे सु. १६ हेक्टरांचे वनस्पति-उद्यान नील मॅकईकर्न या स्कॉटिश गृहस्थाने १९३१ पासून उभारले व पुढे इटलीच्या शासनास दिले. तेथील तलावांतील कमळे विख्यात आहेत. समोरच्या काठावर सरळ कड्यात बांधलेला सांता कातेरीना देल सास्सो हा मठ आहे. बाव्हेनो गुलाबी ग्रॅनाइटसाठी प्रसिद्ध आहे. तोचेच्या खोऱ्यातील कांदोल्या येथील संगमरवर चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून तोचे नदी, हे सरोवर, तिचीनो व कालवा अशा जलमार्गाने मिलानच्या कॅथीड्रलसाठी नेण्यात येई. डोंगरावरील जीन्येझे या गावी छत्र्यांचे संग्रहालय (१९३९) आहे. या भागातील छत्री बनविणारे कारागीर इटलीभर फिरत व आपसांत स्वतःची सांकेतिक बोली वापरीत.

मोत्तारोने (१,४९१ मी.) शिखरावरून मोंते रोझा व अनेक सरोवरे दिसतात. १९११ ते १९६३ या काळात तेथे दंतुर लोहमार्गाची गाडी जाई. १९७० मध्ये तिच्या जागी रज्जुमार्ग आला. २३ मे २०२१ रोजी वरच्या स्थानकाजवळ पोहोचलेल्या पाळण्याची कर्षण-तार तुटली. अशा वेळी आधार-तारेस पकडून पाळणा थांबविणारे संकटकालीन रोधक मध्येमध्ये बिघडत असल्याने सेवा खंडित होऊ नये म्हणून ते मुद्दाम निष्क्रिय ठेवण्यात आले होते. पाळणा मागे घसरून कोसळला. आतील १५ जणांपैकी १४ मृत्युमुखी पडले व एक लहान मुलगा वाचला. हा रज्जुमार्ग त्यानंतर बंद झाला. साथीच्या निर्बंधांतून सावरत असलेल्या, पर्यटनावर जगणाऱ्या या गावावर झालेला तो मोठा आघात होता.

प्रवास : मिलानहून आगगाडीने स्ट्रेसास सु. एक तासात पोहोचता येते. धक्क्यावरून सार्वजनिक बोटी तिन्ही बेटांस जातात व दिवसभराच्या तिकिटावर उतरत-चढत एका दिवसात ती पाहून होतात. प्रासाद व उद्याने साधारणतः मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत खुली असतात. पेस्कातोरी बेटावर मात्र केव्हाही जाता येते. बेटांवर वाहने नाहीत. एप्रिल-मे हा फुलांचा, तर सप्टेंबर हा तुलनेने कमी गर्दीचा काळ. दुपारी बेटे गजबजलेली असतात. परतीच्या बोटी निघून गेल्यावर पेस्कातोरी बेटाची गल्ली तिच्या मोजक्या रहिवाशांसाठी मोकळी होते.